फलश्रुती आणि दुष्काळ

पुराणिकाच्या व्यवसायाला भांडवल लागत नाही, असे वरवर पाहणाऱ्याला वाटे. एक पोथी, एक पाट, स्वच्छ आवाज आणि देवळाची ओवरी किंवा नदीचा घाट, एवढ्यावर तो सुरू होई. पुराणिक काही मागत नसे. श्रोते पोथीला नमस्कार करत आणि पोथीपुढे फुले, फळे, मूठभर धान्य, जमले तर पैसाअडका ठेवत. ऐकणाऱ्याला पुण्य, वाचणाऱ्याला पोटापुरते. हा व्यवहार फलश्रुतीवर उभा होता. हे स्तोत्र म्हटले तर अमुक मिळेल, ही कथा ऐकली तर तमुक टळेल, असे वचन जवळजवळ प्रत्येक पोथीच्या शेवटी असतेच. बहुतेकांच्या लेखी तो शेवट करण्याचा एक रिवाज. अनंतशास्त्री डोंगरे यांनी मात्र तो अक्षरशः खरा मानला.

हे डोंगरे म्हणजे पंडिता रमाबाईंचे वडील. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून उडुपीच्या धर्मसभेपुढे उभे राहून आपली बाजू शास्त्राधाराने मांडणारा हा माणूस. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला, तिथेच 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्या यात्रेकरूंना जेवू घालता घालता आश्रम कर्जात बुडाला आणि कुटुंब बाहेर पडले. काही महिन्यांची रमा तेव्हा वेताच्या पेटाऱ्यातून, गड्याच्या डोक्यावरून निघाली. पुढची कितीतरी वर्षे तीर्थे, देवळे आणि पुराणवाचन हाच या घराचा संसार होता. दक्षिणा चांगली मिळे. ती साठवण्याऐवजी दानधर्मात जाई, कारण दानाचेही फळ पोथीत लिहिलेले होते.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने या घराला गाठले. श्रोत्यांच्याच घरी दाणा उरला नाही, तेव्हा पोथीपुढे कोण काय ठेवणार? डोंगरे कुटुंबाने आधी दागिने विकले, मग चांदीची भांडी, शेवटी तांब्यापितळेची. त्या पैशांतूनही ब्राह्मणांना दाने दिली, अनुष्ठाने केली, उपास धरले. देव प्रसन्न होऊन धन पाठवील हा हिशेब अजून चुकता झाला नव्हता. एवढ्या हालातही मजुरी करावी किंवा हात पसरावा, हे कुणाला सुचले नाही. संस्कृतखेरीज पोट भरण्याची एकही विद्या त्या घरात नव्हती आणि अंगमेहनतीची लाज होती. रमाबाईंनी पुढे हे स्वतःच, काहीही न लपवता लिहिले आहे.

तिरुपतीच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि थोडी रानटी खजुरे यांवर काढले. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी पवित्र तलावात जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि एकेकाचा निरोप घेतला. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की तो हमाली करील. वडिलांनी बेत सोडला. पण ते थोड्याच दिवसांत गेले. मागोमाग आई लक्ष्मीबाई आजारी पडली. तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमा एका ब्राह्मण बाईच्या दारात गेली, तर तोंडातून शब्द फुटेना. आई गेली तेव्हा खांदा द्यायला कुणी येईना. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. स्मशान तीन मैलांवर. उंची कमी पडली म्हणून रमाने आपल्या वाट्याची तिरडी डोक्यावर घेतली. काही महिन्यांत बहीण कृष्णाबाईही गेली.

देव प्रेमळ असेल तर भक्ताला उपाशी का मारतो, हा प्रश्न मराठी मुलखाने आधीही झेलला होता. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, दुकान बुडाले. तुकोबा विठोबाशी भांडले, त्याला टाकून मात्र गेले नाहीत. वारकऱ्यांच्या देवाला शिव्या खाण्याची सवय होती. जनाबाईने त्या आधीच देऊन ठेवल्या होत्या. डोंगऱ्यांच्या देवाशी असा घरोबा नव्हता, तिथे करार होता. देवाने तो पाळला नाही म्हटल्यावर भांडायला कुणी समोरच उरले नाही.

बहीणभाऊ पुढे हजारो मैल पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून झोपले. 1878 साली ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमेला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तोवर जुना विश्वास पोकळ झाला होता. भाऊ 1880 मध्ये गेला, नवरा बिपिनबिहारी मेधावी 1882 मध्ये पटकीने गेला. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज इथे रमाबाईंनी आपल्या लहान मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. भुकेने त्यांना ख्रिस्ताकडे नेले, असे सरळसोट म्हणणे मात्र बरोबर नाही. भूक आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये जवळजवळ दहा वर्षे आहेत, धर्मशास्त्रात स्त्रीविषयी काय लिहिले आहे ते मुळातून वाचून आलेला संताप आहे. आणि बाप्तिस्म्यानंतरही त्या आपल्या अँग्लिकन गुरूंशी धर्ममतांवरून कडाडून वाद घालत राहिल्या.

1889 साली मुंबईत रमाबाईंचे विधवा मुलींसाठीचे शारदासदन निघाले, पुढे पुण्यात गेले. मुलींना ख्रिस्ती वळण लावले जाते, या आरोपावरून 1893 मध्ये मोठा गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. आरोप निराधार नव्हता. मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातली माणसे उपाशी मरताहेत हे कळताच रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. हिंदू मुले मिशनऱ्यांच्या हाती जातात या काळजीने त्याच वर्षांत लाला लजपतराय आणि आर्यसमाजी दुष्काळातल्या अनाथांना पंजाबात नेत होते. उपाशी पोरांसाठी धर्माधर्मांत चढाओढ लागली. त्यात पोरे जगली, हेही खरे.

केडगावात प्रत्येकीच्या हाताला काम होते. शेती, माग, तेलघाणा, दुभती जनावरे, छापखाना. ज्या घरात संस्कृताचा महासागर होता पण चार पैसे मिळवण्याची कला नव्हती, त्या घरातल्या मुलीने हे सारे मुद्दाम उभारले.

देवाच्या प्रेमाचे कोडे मात्र त्यांनी पूर्णपणे सोडवले असे वाटत नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचा आदर्श ठेवून, पैशाची नड देवापुढे मांडायची आणि मदत कशी वेळेवर पोहोचली ते आपल्या वृत्तांतांतून सांगायचे, ही त्यांची रीत. वडिलांच्या फलश्रुतीशी हिचे नाते रमाबाईंना दिसले की नाही, कोण जाणे. फरक एवढाच, पण तो लहान नाही: आलेला पैसा ब्राह्मणभोजनात न जाता धान्याच्या कोठारात जाई.

मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आले. निरपराध ईयोबाने देवाला विचारलेला जाब त्यातही आहेच. रमाबाईंचे धर्मांतर ज्यांना पटत नाही त्यांनीही त्यांच्या आठवणींतला दुष्काळाचा भाग एकदा वाचावा. भुकेबद्दल आपल्याकडे सरकारी अहवाल पुष्कळ आहेत. उपाशी राहिलेल्या बाईने स्वतः लिहिलेले फार थोडे आहे.