बामियानचे बुत

उर्दू-फारसी शायरीत ‘बुत’ हा शब्द आपण नेहमी ऐकतो. कधी मूर्ती, कधी प्रेयसी असा त्याचा अर्थ. हा शब्द मुळात ‘बुद्ध’ या नावावरून आला, असे भाषातज्ज्ञ मानतात. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानचे दोन बुद्ध सुरुंग लावून उडवले, तेव्हा जगभर चर्चा झाली ती मूर्तींची. त्या मूर्तींच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिक्षूंची श्रद्धा काय होती, हे फारसे कोणी विचारले नाही.

चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग इ. स. ६३० च्या सुमारास बामियानला आला. तेथील हजारो भिक्षू लोकोत्तरवादी असल्याचे त्याने नोंदवले. हा पंथ म्हणजे महासांघिकांची शाखा. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत संगीती भरली. त्यानंतरच्या काळात संघ स्थविर आणि महासांघिक असा दुभंगला. महासांघिकांनी नियम सैल केले, असे स्थविरांची परंपरा सांगते. स्थविरांनीच नियम वाढवले, असे महासांघिकांचे म्हणणे. फुटीच्या अशा दोन कहाण्या आपल्यालाही नव्या नाहीत.

महासांघिक महाराष्ट्रातही होते. सातवाहन राजा पुळुमावीच्या २४ व्या राज्यवर्षातील कार्ल्याचा शिलालेख, नऊ खोल्यांचा मंडप त्यांना दान दिल्याचे सांगतो. दात्याचे नाव हरफरण, इराणी वळणाचे.

लोकोत्तरवाद्यांचा ‘महावस्तु’ हा ग्रंथ मिश्र संस्कृतात आहे. त्यांच्या मते बुद्ध लोकांपलीकडचा. त्याला भूक, थकवा, आजार नव्हता. तो जेवला, त्याने औषध घेतले, ते केवळ जगाच्या रीतीला धरून. म्हणजे डोळ्यांना दिसणारे रूप हे त्याचे खरे स्वरूप नव्हेच.

पुढे या खोऱ्यात इस्लाम आला. लोकांनी मूर्तींना सुर्खबुत आणि खिंगबुत, म्हणजे लाल आणि पांढरा बुत, अशी नावे दिली. ‘बुतशिकन’ म्हणून गाजलेल्या गझनीच्या महमूदाचा दरबारी कवी उन्सुरी याने त्यांच्यावर मसनवी रचली. त्याच काळात अल्बेरुनीने बामियानच्या या दोन मूर्तींची कहाणी अरबीत आणली. अधूनमधून इजा झाली, तरी मुसलमानांच्या शेजारात हे बुत हजारांहून अधिक वर्षे उभे राहिले.

१९९० च्या दशकात बामियान परिसरातील गुहांमधून जुनी हस्तलिखिते बाहेर आली. त्यांत लोकोत्तरवाद्यांच्या ग्रंथांची पानेही आहेत. दिसणाऱ्या रूपाला अंतिम न मानणाऱ्यांचा विचार सुरुंगाने उडाला नाही. उडाला तो उन्सुरी आणि अल्बेरुनीने जपलेला वारसा, आणि तो आपलाही होता.