डायव्हरच्या कार्डाची कुळकथा

जगात कुठल्याही स्कूबा केंद्रावर जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्ड आहे का? डायव्हिंगचं प्रशिक्षण पुरं केल्याचा हा दाखला, डायव्हर मंडळी त्याला ‘सी-कार्ड’ म्हणतात. ते नसेल तर सहसा सिलिंडर भरून मिळत नाही की भाड्याने सामान मिळत नाही. आज समाजमाध्यमांवर मिरवलं जाणारं हे कार्ड जन्माला आलं ते मात्र अपघातांच्या धास्तीतून.

1943 साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वा-लंग’ हे पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र तयार केलं. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून गान्यांनी मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. तीच सुधारून घेतली आणि श्वास ओढला की हवा हवी तेवढी तोंडात येऊ लागली. युद्धानंतर हे यंत्र अमेरिकेतल्या दुकानांत पोहोचलं. पैसे मोजा, पाठीला सिलिंडर बांधा आणि उतरा, असा मामला होता.

घात इथेच होता. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर धाव घेतो आणि त्याची फुप्फुसं फाटतात. पट्टीचे पोहणारेही यात गेले, कारण श्वास रोखण्याची त्यांना सवयच होती.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स सागरसंस्थेत कॉनराड लिंबॉ शास्त्रज्ञांना डायव्हिंगचे धडे देत असे. 1954 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या उद्यान आणि क्रीडा खात्यातर्फे अल टिलमन आणि बेव्ह मॉर्गन त्याच्याकडे शिकायला गेले. पुढच्याच वर्षी काउंटीने प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम सुरू केला. बागा नि मैदानं सांभाळणाऱ्या खात्याने अमेरिकेतल्या सामान्य माणसाच्या डायव्हिंग-शिक्षणाचा पाया घातला तो असा. टिलमनच्या पुढाकाराने 1960 मध्ये ‘नावी’ ही डायव्हिंग प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली. 1966 मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी ‘पाडी’ ही तशीच दुसरी संघटना काढली. कार्डाचा प्रसार जगभर झाला तो अशा संस्थांमुळे.

मग कार्डांना पायऱ्या आल्या. ‘पाडी’च्या ‘ओपन वॉटर’ला 18 मीटर खोलीची मर्यादा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ला 30. पण अनुभवी डायव्हरला विचारा, अभिमान कशाचा? उत्तर बहुधा ‘रेस्क्यू’ येतं. या अभ्यासक्रमात सोबती बुडणाऱ्याचं सोंग घेतो, तुमचा मास्क ओढतो, खांद्यावर चढू पाहतो. त्याच्या मागून जाऊन सिलिंडर धरायचा, त्याच्या जाकिटात हवा भरायची आणि त्याला तरंगत ठेवायचं. बेशुद्धाला किनाऱ्याकडे ओढताना दर पाच सेकंदांनी कृत्रिम श्वास द्यायचा आणि मधल्या वेळात त्याचं नि आपलं सामान सोडवायचं. इथे खोलीचा आकडा वाढत नाही. वाढते ती जबाबदारी.

दुसरं मानाचं कार्ड गुहा-डायव्हिंगचं. फ्लोरिडातल्या जलमय गुहांनी अनेकांचा बळी घेतला. शेक एक्सली या गुहा-डायव्हरने अपघात तपासून 1979 मध्ये पुस्तिका लिहिली. त्याला पुन्हा पुन्हा आढळलेली कारणं तीनच होती: बाहेरपर्यंत अखंड दोरी नाही, परतीसाठी पुरेशी हवा नाही आणि खोलीचं भान नाही. त्यातूनच तिहाईचा नियम रुजला: एक तृतीयांश हवा जायला, एक यायला, एक संकटाला. तिथल्या कित्येक गुहांच्या तोंडाशी आजही मृत्यूचा सांगाडा रंगवलेली पाटी आहे. ती बजावते की खुल्या पाण्यातले प्रशिक्षकसुद्धा आत मेले आहेत. एका कार्डाचा मान दुसऱ्या पाण्यात चालत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितलं जातं.

आपल्याकडे तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत रीतसर प्रशिक्षणाची सोय झाली. मालवणला पर्यटक जे ‘स्कूबा’ करून येतात ते मात्र प्रशिक्षकाच्या हाताला धरून घेतलेली पहिली चव असते. त्यावर कार्ड मिळत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तिथे आपला जीव पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती असतो. म्हणून होडीत चढण्याआधी, संकोच न करता, प्रशिक्षकाचं कार्ड बघायला मागा. खरा प्रशिक्षक रागावणार नाही. उलट कौतुकाने दाखवील.