तिथे आपले कोण आहे?

मूल शिकायला बाहेरगावी निघाले, की आमच्या हिंगोलीकडच्या घरांत पहिला प्रश्न फीचा निघत नाही. "तिथं आपलं कोण हाय?" हा पहिला प्रश्न. आजी विचारते, चुलते विचारतात, मुलगी जाणार असेल तर सारी आळी विचारते. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा कागद हातात घेऊन शाळेत आलेल्या बापानेही मला आधी हेच विचारलेले आहे. शहरातल्या वाचकांना हा प्रश्न भाबडा वाटेल. परंतु आमच्या भागाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या चार शब्दांच्या पोटात केवढे अनुभव साठलेले आहेत हे ध्यानात येते. दिवाळीच्या निवांत दिवसांत तो इतिहास थोडा उलगडून पाहावा, असे मनात आहे.

हिंगोली हा जिल्हा म्हणून १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. त्याच्या फार आधी, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुणे-मुंबई म्हणजे इंग्रजी अंमलातला परमुलूख. राजधानी हैदराबाद, ती वसमतपासून सुमारे तीनशे किलोमीटरांवर. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग झाला, तेव्हा पूर्णा स्टेशनावरून राजधानीला जाणे सोपे झाले. जाणे सोपे झाले, राहणे नव्हे. आमच्याकडच्या मुलाची घरची भाषा मराठी, कचेरीची भाषा उर्दू आणि हैदराबादच्या भोवतालच्या मुलखाची भाषा तेलुगू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेथे शिकवण्याचे माध्यमही उर्दूच होते. म्हणजे आपल्याच राज्याच्या राजधानीत आमचा मुलगा परदेशी असल्यासारखा वावरत असे.

अशा मुलाला तीन गोष्टी लागतात: पैसा, पाठ टेकायला जागा आणि चार ठिकाणी शब्द टाकणारे माणूस. जुन्या काळी या तिन्हींची सोय एका रिवाजाने होत असे. तो रिवाज म्हणजे वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशा सात घरी सात दिवसांचे अन्न मिळे. त्या सात घरांतूनच कोणाची कारकुनी, कोणाची शिकवणी, कोणाची ओळख पदरात पडे. या रिवाजाने कितीतरी गरीब मुले शिकली, ही गोष्ट नाकारू नये. पण ती सात घरे बहुधा एकाच जातीची असत, हेही झाकू नये. ज्याच्या जातीची घरे शहरात नव्हती, त्याला वारही नव्हता आणि वाटही नव्हती. 'आपले' हा शब्द फार उबदार आहे, परंतु त्याला कुंपणही आहे.

हे कुंपण थोडे मागे सारणारा एक माणूस आमच्याच मातीतून गेला. केशवराव कोरटकरांचा जन्म १८६७ सालचा, वसमत परिसरातल्या पुरजळ गावचा. गुलबर्ग्यास वकिली करून ते हैदराबादेस आले, तेथे नामांकित वकील झाले आणि पुढे हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचले. खेड्यातून निघालेला माणूस एवढ्या उंचीवर गेला, की गावाला त्याचे फक्त नाव उरते. केशवरावांनी तसे होऊ दिले नाही. १९०७ साली वामनराव नाईक आदी सहकाऱ्यांसह त्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी ही शाळा उभी केली. परक्या शहरात मराठी मुलाला शिकण्याची जागा झाली. शाळा म्हटली की शिक्षक आले, पालक आले, सभा आल्या, व्याख्याने आली. नव्याने आलेल्याला विचारपूस करायला एक दार झाले. केशवराव १९३२ साली गेले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार यांनी १९४० साली वडिलांच्या नावाने केशव मेमोरियल ही शाळा हैदराबादेत काढली.

याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये एक प्रसंग घडला, आणि तो सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली. मग आलमपल्ली वेंकटराम राव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभेतल्या मंडळींनी हुर्यो उडवली. ज्यांनी स्वतः परभाषेच्या राजधानीत अवहेलना सोसली होती, त्यांच्यातल्याच काहींनी शेजाऱ्याच्या भाषेला हसावे! दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लागलीच आंध्र जनसंघ स्थापन केला आणि त्यातून पुढे मोठी चळवळ उभी राहिली. त्याआधीच, १९१८ साली, वेंकटराम रेड्डी यांच्या पुढाकाराने तेलंगणातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी रेड्डी वसतिगृह निघाले होते. प्रत्येकाने आपापल्या मुलांसाठी घर बांधले, हे चांगलेच झाले. पण एका घराच्या ओसरीवरून दुसऱ्याला हसण्याची खोड मात्र दोन्हीकडच्या मुलांना महाग पडते.

केवळ शिष्यवृत्ती मिळाली आणि 'आपले' कोणी नसले तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, ग्रंथालय मिळाले, गुरू मिळाले. कराराप्रमाणे नोकरीसाठी १९१७ साली ते बडोद्यास आले, तेव्हा मात्र एवढ्या मोठ्या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी कसाबसा आसरा घेतला. जात कळताच लोक काठ्या घेऊन चालून आले आणि त्यांना तेथूनही निघावे लागले. राजाने दिलेले पैसे खरे होते, पदवी खरी होती. शहराने दार उघडले नाही.

ही गोष्ट बाबासाहेब विसरले नाहीत, असे मला त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यासारख्या मागे पडलेल्या भागाची निवड त्यांनी समजून-उमजून केली होती. कॉलेजच्या जोडीला वसतिगृहे आली. ज्यांच्या पिढ्यांत शहरात कोणाची ओळख नव्हती, अशी मुले नागसेनवनात एकत्र राहिली. तीच मुले पुढे एकमेकांची ओळख झाली. कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी लेखक झाला आणि पाठच्याला पत्ता सापडला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, त्यांच्या मुळाशी हाच विचार होता.

कधी कधी अनोळखी गावही आपले होते. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् गाण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो मुलांना विद्यापीठाबाहेर काढण्यात आले. त्यांत मराठी होते, तेलुगू होते, कन्नड होते. निजामाच्या राज्यात त्यांना दुसरे दार नव्हते. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या चळवळीतल्या विद्यार्थ्यांपैकीच एक, आणि कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपुरात घेतले. ना जात विचारली, ना मुलूख. तेव्हा नागपूरकरांनी ही दारे लावून घेतली असती, तर किती मुलांची वर्षे, किती घरांच्या आशा वाया गेल्या असत्या!

आता पुन्हा आमच्या वसमत तालुक्याकडे येतो. नरहर कुरुंदकर १९३२ साली जन्मले. घराण्याचे गाव कुरुंदा. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. भाचा मामाकडे हैदराबादेस गेला आणि त्याच्यापुढे ग्रंथांचे भांडार उघडले. भालचंद्र महाराज कहाळेकरांसारखे गुरू लाभले. गंमत अशी, की एवढे असूनही कुरुंदकर इंटरला नापास झाले. पण परीक्षेत नापास झालेल्या मुलाला मामाच्या घराने नापास केले नाही. पुढे नांदेडला शाळेत शिक्षक असताना त्यांनी पदव्या मिळवल्या आणि पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. आमच्या पेशाच्या माणसाला ही गोष्ट फार धीर देते. शिष्यवृत्ती गुण पाहून मिळते, आणि ते योग्यच आहे. गुण पडेपर्यंत वाट पाहणारे घर मात्र कोणत्याही अर्जाने मिळत नाही. प्रत्येक मुलाला असा मामा कोठून मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

आता काळ पालटला. १९५६ साली हैदराबाद राज्य विभागले गेले आणि आमच्या मुलांचे तोंड पुणे-मुंबईकडे वळले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडचे विद्यापीठ झाले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांना राहण्याजेवणासाठी पैसे देणारी स्वाधार योजना आहे. परदेशी शिकण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे निघाली आहेत. पैशाची बाजू पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. पण अर्जाची शेवटची तारीख कोणी सांगायची? परक्या शहरात पहिली रात्र कोठे काढायची? मुलाखतीला जाताना काय बोलावे, काय बोलू नये, हे कोणाला विचारायचे? ज्या घरात पहिलेच मूल दहावीच्या पुढे जात आहे, त्या घराला हे ठाऊक नसते, आणि विचारायला संकोच वाटतो.

म्हणून वाचकहो, एक सुचवावेसे वाटते. दिवाळीत सारी पाखरे घरी येतात. पुण्याला नोकरी करणारा, हैदराबादला शिकणारी, मुंबईत सरकारी कचेरीत लागलेला, सगळे आठ दिवस गावात असतात. फराळ, भेटीगाठी, ओटीवरच्या गप्पा होतात. त्यांतली एक संध्याकाळ गावच्या शाळेला द्यावी. दहावी-बारावीची मुले-मुली आणि त्यांचे आईबाप समोर बसवावेत. आलेल्यांनी आपण कसे गेलो, कोठे राहिलो, कोणी मदत केली, कोठे अडलो हे साध्या भाषेत सांगावे आणि उठताना प्रत्येकाने आपला पत्ता व फोन शाळेच्या वहीत लिहून जावे. त्या वहीत सगळ्या आळ्यांची, सगळ्या वस्त्यांची नावे हवीत, एवढी एकच अट. विवेकवर्धिनी उभी करायला केशवराव लागतात. वही घालायला आपण पुरे आहोत. पुढच्या जून महिन्यात एखादी आजी "तिथं आपलं कोण हाय?" म्हणून विचारील, तेव्हा गुरुजींना ती वही उघडून दाखवता येईल.