ढेपेचं पोतं, खोटं लेबल आणि कायद्यातली फट

आजचा एपिसोड थेट गोठ्यातला. ठिकाण हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. हिंगणघाट नाही हं, बोर धरणाच्या बाजूचं हिंगणी. कापसाचा पट्टा, त्यामुळे गाई-म्हशींना सरकीची ढेप. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच पेंड म्हणतात.

आता समजा, पोत्यावर छापलंय 'प्रथिने 20 टक्के' आणि आत निघाला भुसा. दूध आटलं. कंपनीला कोर्टात खेचायचंय. कोणत्या कायद्याखाली खेचणार? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वी गावातच तेल्याचा घाणा असायचा. जवस आपल्यासमोर गाळला जायचा आणि ढेप हातात यायची. लेबलची गरजच नव्हती. मग गिरण्या आल्या. ढेप कुठे बनली, कोणी बनवली, काही कळेना. फसवणुकीला जागा झाली.

हे आधी इंग्लंडने भोगलं. गंमत बघा, आपल्या मध्य प्रांतातला जवस रेल्वेने मुंबईला आणि तिथून जहाजाने इंग्लंडला जायचा. तिथल्या ढेपेत भेसळ व्हायला लागली, शेतकरी ओरडले आणि 1893 मध्ये खत आणि पशुखाद्याचा कायदा झाला. जवसाची ढेप म्हणून विकली, तर ती शुद्ध असल्याची हमी विकणाऱ्याने दिली असंच धरायचं. बिलात खोटं लिहिलं तर दंड. नमुना तपासायला सरकारी रसायनतज्ज्ञ. म्हणजे जवस आपला, पण संरक्षण तिकडच्या शेतकऱ्याला.

अमेरिकेने 1906 मध्ये अन्न आणि औषधांचा कायदा केला. त्यात 'अन्न' म्हणजे माणूस 'किंवा इतर प्राणी' खातात ते सगळं. या दोन-तीन शब्दांच्या जोरावर सरकीच्या ढेपेवर प्रथिनांचा खोटा आकडा छापणाऱ्यांवर तिथे ढीगभर खटले झाले.

आता भारत. 1954 च्या भेसळ कायद्यात अन्न म्हणजे फक्त माणसाचं अन्न. पण 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या यादीत पहिलंच नाव होतं ढोरांच्या वैरणीचं, ढेपेसकट! त्याच्या आधारावर राज्यांना पशुखाद्यासाठी आदेश काढता यायचे. पंजाबने 1988 मध्ये तसा आदेश काढलाही. या कायद्याखाली शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

मग 2006 साल आलं. एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. जीवनावश्यक वस्तूंची यादी छोटी केली. 2007 पासून ती लागू झाली आणि ढेप त्यातून बाहेर पडली. वैरणीचं बियाणं राहिलं, वैरण गेली. दुसरीकडे नवा अन्न सुरक्षा कायदा आला. त्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की पशुखाद्य म्हणजे अन्न नाही. अमेरिकेने जे दार 1906 मध्ये उघडलं, ते आपण बरोबर शंभर वर्षांनी बंद केलं.

याचा फटका कुणाला? 2019 मध्ये एफएसएसएआयने देशभरातल्या 6,432 दूध नमुन्यांचा अहवाल दिला. त्यातल्या 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे विष दुधात येतं कुठून? बुरशी लागलेल्या खाद्यातून. पण कायद्याच्या नजरेत दूध हे अन्न आणि ढेप हे अन्न नाही. म्हणजे दूध नापास झालं तर आधी सापडतो दूधवाला. पोतं विकणारा लांबच राहतो.

मग हातात काहीच नाही का? आहे. वजनात किंवा पोत्यावरच्या छापील माहितीत गडबड असेल तर वैधमापन विभाग. आयएसआय छाप खोटा असेल तर 2016 चा मानक ब्युरो कायदा. आणि 2019 चा ग्राहक कायदा. स्वतः राबून पोट भरणारा गोपालकही त्यात 'ग्राहक' ठरतो, हे लक्षात ठेवा. पण ही सगळी मागच्या दाराची वाट आहे. समोरचं दार, म्हणजे फक्त पशुखाद्यासाठीचा केंद्राचा कायदा, अजून नाही.

तोवर एवढं कराच. पक्कं बिल मागा. लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. शंका आली तर एक पोतं न फोडता बाजूला ठेवा. इंग्लंडच्या 1893 च्या कायद्याची सुरुवातही बिलापासूनच झाली होती.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. घरी गाय-म्हैस असलेल्या मित्राला हा नक्की पाठवा!