गढीचा जुना वैरी

कन्हानकाठच्या कामठीत इंग्रजांची छावणी १८२१ साली वसली. त्याआधी नागपूर मुलखात पेंढाऱ्यांची धाड केव्हा पडेल, याचा नेम नसे. म्हणून बऱ्याच गावांनी मातीच्या गढ्या उभारल्या. १८१७-१८ च्या मोहिमेत पेंढारी मोडले. पण गढीचा दुसरा वैरी, पाऊस, दर मृगाला येतच राहिला.

त्याच्याशी आपले लोक कसे झुंजले? पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी काळी माती त्यांनी शेताला ठेवली आणि भिंतीला पांढरी घेतली. तडे जाऊ नयेत म्हणून तीत भुसा तुडवला. ओल वर चढू नये म्हणून पायाला दगड घातला. माथ्यावर कवेलू किंवा गवत घातले, तेही भिंतीबाहेर काढून. शिवाय दरसाल शेणमातीचे लिंपण.

ही निगराणी थांबली आणि गढ्या ढासळल्या. कित्येक ठिकाणी त्यांची पांढरी माती खत म्हणून शेतात गेली. आज कोणी मातीच्या भिंतीवर सिमेंट थापतो. आत ओल कोंडते आणि पोपडा मातीसकट सुटतो.

गुरुजी, गावात गढी उरली असेल, तर मुलांना यंदाच्या पावसाआधी ती दाखवा. माथा उघडा आहे का, पायाशी पाणी साचते का, एवढे त्यांनाच पाहू द्या.