एका अणूची जाडी, आणि तीही नजरेला!

मंडळी, कवडशात तरंगणारी धूळ आपण सगळ्यांनीच पाहिलीय. वैशेषिकांनी त्या कणाला त्रसरेणू म्हटलं. डोळ्याला दिसणारं सर्वांत लहान द्रव्य ते. परमाणू त्याहून सूक्ष्म, तो अनुमानानंच कळायचा. वर्गात मी आयुष्यभर हेच शिकवलं.

२००४ साली मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पापुद्रे सोलले. त्यातले काही एकाच अणूच्या जाडीचे, म्हणजे ग्राफीन. ते हुडकले कशानं? तर साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकानं!

आता हा पापुद्रा जेमतेम २.३ टक्के प्रकाश शोषतो. मग दिसतो कसा? त्यांनी तो सिलिकॉनवरच्या ३०० नॅनोमीटर ऑक्साइडच्या थरावर ठेवला होता. थराच्या वरून आणि तळातून परतणारे किरण एकमेकांत मिसळले की रंग उमटतो. पावसात हिंजवडीहून इथे नेऱ्यात येताना डबक्यावर तेलाचा तवंग दिसतो ना, तसंच. ग्राफीन असेल तिथे तो रंग किंचित बदलतो. तोच थर ३१५ नॅनोमीटरचा घ्या, पापुद्रा दिसेनासा होतो.

मग वैशेषिक चुकले का? तसं नाही. पापुद्रा जाडीला एक अणू असला तरी पसरट आहे. त्यातला सुटा अणू या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीच. चुकलो मी. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘दिसणारच नाही’, असं मी धरून चाललो. वस्तू कशावर ठेवून पाहतो, हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. तुम्ही मात्र विचारा.