०८३१, ०८३२ आणि शिनोळीचा टॉवर

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, गोव्याचा ०८३२. हुबळीचा ०८३६, कारवारचा ०८३८२, खानापूरचा ०८३३६ आणि निपाणीचा ०८३३८. तारेच्या फोनच्या हिशेबात ही सगळी एका घरातली भावंडं. आता मोबाईलच्या हिशेबाकडे या. परवाने देण्यासाठी देशाचे जे विभाग पाडले, म्हणजे आपण ज्यांना सर्कल म्हणतो, त्यांत गोवा महाराष्ट्राबरोबर गेला आणि बेळगाव कर्नाटकात. पणजी नि पुणे एका सर्कलमध्ये. आमच्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवरचं शिनोळी मात्र परक्या सर्कलमध्ये.

१९५६ च्या रेषेवर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. पण ही रेषा आपल्या फोनच्या बिलातही होती. तारेवरचं इंटरनेट आणि बिनतारी इंटरनेट यांची पंचवीस वर्षांची झुंज इथं बसून बघितली, तर नुसती स्पीडची शर्यत दिसत नाही. दोन नकाशे एकमेकांवर ठेवल्यासारखं दिसतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरांत. बेळगावसारख्या गावाला त्याचा खरा उपयोग त्यानंतर काही वर्षांनी, १७२ ने सुरू होणारे नंबर फिरवता यायला लागले तेव्हा झाला. मोडेमचा तो घशात अडकल्यासारखा आवाज, आणि नेट चालू तोवर फोन एंगेज. आमच्या घरी आतून हाक यायची, "मावशीचा फोन येणार आहे, ते बंद कर की!" ज्यांना घरी परवडत नव्हतं ते सायबर कॅफेत जाऊन अर्ध्या तासाचे पैसे मोजायचे.

तारेला बिनतारीनं पहिलं आव्हान दिलं ते २००१ मध्ये, आणि तेही तारेच्याच नकाशावर चालून. लँडलाईनचा परवाना असलेल्या कंपन्यांना शेवटचा टप्पा तारेऐवजी रेडिओलहरींनी जोडायची मुभा मिळाली. डब्ल्यूएलएल नावानं लोकांना ते माहीत आहे. फोन खिशात घेऊन फिरता येई, पण फक्त आपल्या एसडीसीएच्या हद्दीत, म्हणजे ढोबळमानानं तालुक्यात. खिशातला फोन, पण वेस ओलांडली की मुका! मोबाईल कंपन्यांनी याविरुद्ध मोठी लढाई केली. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारनं एकत्रित परवाना आणून हा वाद मिटवला आणि त्याबरोबर तालुक्याची वेसही गेली. बिनतारी फोननं तालुक्याचा नकाशा टाकला आणि राज्याचा धरला. आम्हा सीमेवरच्या लोकांना हा बदल त्या वेळी कळला नाही. नंतर कळला.

खरी गोष्ट घडली ती २००४ मध्ये, आणि माझ्या मते पुढचा सगळा निकाल तिथंच लागला. देशात तेव्हा चार कोटींच्या वर तारेचे फोन होते. एक्स्चेंजपासून पिलर, पिलरपासून डीपी, डीपीपासून घर अशी तांब्याची जोडी कित्येक दशकं खपून घरोघर नेलेली. ट्रायनं त्या वर्षी शिफारस केली की ही जोडी दुसऱ्या कंपन्यांनाही भाड्यानं वापरू द्यावी, म्हणजे तार एकाची राहील पण तिच्यावर ब्रॉडबँड विकायला चारजण येतील. फ्रान्समध्ये हेच केलं आणि ब्रॉडबँड स्वस्त झालं. आपल्याकडे ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सरकारनं ते सक्तीचं केलं नाही. बीएसएनएलची बाजू अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. खेड्यापाड्यांत तोट्यात तार नेली त्यांनी, आणि फायद्याच्या गल्ल्या दुसऱ्यानं का उचलाव्यात? पण परिणाम असा झाला की स्पर्धकांना जमिनीखालून वाट मिळाली नाही, म्हणून ते हवेतून आले.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं. धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएस अशी होती, आणि तेवढ्यावर आम्ही खूश होतो, कारण फोन एंगेज राहत नव्हता. पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असायचं. कॉलेजची पोरं दोनचा गजर लावून उठायची, डाउनलोड लावून परत झोपायची. घरातल्यांना वाटायचं, पोरगा पहाटे अभ्यासाला उठतोय.

डीएसएलची एक खोड मात्र कुणाच्या हातात नव्हती. एक्स्चेंजपासून तार जितकी लांब, तितका सिग्नल क्षीण. तीन-चार किलोमीटरनंतर त्यात जीव राहत नसे. टिळकवाडीत एक्स्चेंजजवळ राहणाऱ्याचं नेट पळायचं आणि त्याच पैशात वाडीवरच्या माणसाचं रांगायचं. त्यात इकडचा पाऊस. जॉइंटमध्ये पाणी गेलं की लाईनवर खरखर, आणि रस्ता खणला की लाईनच गायब. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, मग तर शहरभर खणाखणी सुरू झाली. आपल्या गल्लीची जोडी कुठल्या केबलमध्ये, कुठल्या वळणावर जोड आहे, हे लाईनमनच्या डोक्यात असायचं. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलचे जवळपास ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. जमिनीखालच्या तांब्याचा अलिखित नकाशाही बराचसा त्यांच्याबरोबर घरी गेला.

पण मी पुढं पळतोय. २०१० कडे येऊ. त्या वर्षी थ्रीजी आणि बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. थ्रीजीसाठी ३४ दिवस, १८३ फेऱ्या. दोन्ही लिलाव मिळून सरकारला लाख कोटींच्या वर रक्कम मिळाली. बीएसएनएल लिलावात नव्हतं, पण इतरांनी लावलेल्या बोलीएवढी किंमत त्यालाही भरावी लागली. थ्रीजीचे १०,१८७ कोटी आणि ब्रॉडबँड लहरींचे ८,३१३ कोटी. त्यातल्या ब्रॉडबँडच्या लहरी नंतर सहा सर्कलमध्ये परत केल्या. तांब्याची डागडुजी करायची तर गाठीचा पैसा असा हवेत गेला. याच लिलावात इन्फोटेल नावाच्या अपरिचित कंपनीनं बाविसाच्या बावीस सर्कलमध्ये ब्रॉडबँडच्या लहरी घेतल्या, आणि त्याच दिवशी रिलायन्सनं तिचा ताबा घेत असल्याचं जाहीर केलं. पुढचं जिओ ते हेच.

आता शिनोळी. लिलाव सर्कलवार होता. कर्नाटकात थ्रीजी मिळालं एअरटेल, एअरसेल आणि टाटांना; महाराष्ट्र-गोव्यात व्होडाफोन, आयडिया आणि टाटांना. म्हणजे बेळगावहून वेंगुर्ले रस्त्यानं निघालं की शिनोळीला लहरींचे मालकच बदलायचे, टाटा सोडले तर. कंपन्यांनी आपसांत करार करून एकमेकांच्या लहरींवर ग्राहक चालवले, तर डिसेंबर २०११ मध्ये दूरसंचार खात्यानं ते बंद करायला सांगितलं. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं आणि २०१४ मध्ये कंपन्यांच्या बाजूनं निकाल लागला. तोवर आमच्यासारख्यांनी भोगलं. माझी आत्या चंदगड तालुक्यात. गणपतीला तिच्याकडे डोंगल घेऊन गेलो आणि दोन दिवस ऑफिसचं काम केलं. महिनाअखेरीस रोमिंगचं जे बिल आलं त्यात माझा नि आत्याच्या घरच्या सगळ्यांचा गणपतीचा खर्च निघाला असता. कंपनीचं नाव इथं नको. आत्याचं म्हणणं एवढंच, "तार घालून घ्यायची होतीस, तारेला कुठं कळतंय महाराष्ट्र का कर्नाटक?"

आत्या तंत्रज्ञ नाही, पण ती बरोबर बोलली.

उलटही होतं. सीमेवरच्या गावांत कितीतरी घरांत पुढच्या खोलीत एका राज्याचा टॉवर लागायचा आणि परसात दुसऱ्याचा. जून २०१५ मध्ये बीएसएनएलनं रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले, जुलैत नंबर न बदलता सर्कल बदलता यायला लागलं, आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओनं रोमिंग हा शब्दच मोडीत काढला. २०१४ साली एका जीबीला सरासरी अडीचशेच्या वर पडायचे, ते २०१८ पर्यंत बारा रुपयांच्या आसपास आले. सीमाभागातल्या माणसाच्या खिशातली सीमा पुसली गेली ती अशी, धंद्याच्या मारामारीत. तारेचे फोन तोवर निम्म्यावर आले होते. मार्च २०२० मध्ये देशात जेमतेम दोन कोटी.

मग तार हरली का? टाळेबंदीत घरून काम नि ऑनलाइन शाळा सुरू झाल्यावर लोकांना परत तार हवी झाली. फक्त ती आता काचेची होती, आणि बऱ्याच गल्ल्यांत ती टीव्हीची केबल घालणाऱ्यानंच आणून दिली. २०२४ पर्यंत तारेची जोडणी पुन्हा तीन कोटींच्या वर गेली. ज्या टॉवरवरून आपण फाइव्हजी घेतो तोही बहुधा खालून फायबरवरच उभा असतो. आणि आता एअरफायबर म्हणून छपरावर डबा बसवतात, ज्याच्या नावात फायबर आहे आणि घरापर्यंत फायबर नाही.

आपल्या मंडळाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. लँडलाईनचा नंबर माणसाचा नसायचा, घराचा असायचा. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत नाव, पत्ता, नंबर असं छापलेलं असे. शहापूरच्या कुठल्या गल्लीत कुणाची पेढी, कॅम्पात कुणाचा दवाखाना, कुठलं घराणं कधी टिळकवाडीला हललं, हे दोन सालच्या डिरेक्टऱ्या शेजारी ठेवल्या की दिसतं. मोबाईलच्या जमान्यात असं पुस्तक निघालंच नाही. आमच्याकडची एक डिरेक्टरी आईनं शेगडीखाली ठेवायला वापरली, तिची मधली पानं शाबूत आहेत. कुणाच्या माळ्यावर पूर्ण प्रत असेल तर रद्दीत देण्याआधी मंडळाला कळवा, आणि खानापूर किंवा निपाणीची असेल तर आधी ती.